तारण गेलं का? डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावरचा एक जुना प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचा नेट पॅक संपत आलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना केलेली थोडी भटकंती कापली आहे, बाकी सगळं तसंच.

तलासरी, डहाणू, उधवा, कासा या पट्ट्यातून आपल्याला बरेच मेसेज येतात. त्यातला एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. कुणी लिहितं, "मी विश्वासणारा आहे, पण लग्नात ताडी घेतो. माझं तारण गेलं का?" कुणी लिहितं, "एकच पाप दर महिन्याला होतं, दर महिन्याला माफी मागतो. देव किती वेळा ऐकणार?" आणि कुणी अगदी उलट बाजूने, "एकदा तारण झालं म्हणजे झालं ना? मग काय फरक पडतो?"

मी पाळक नाही, फादर नाही. मी इतिहासाचा माणूस. कुणाचं तारण झालं, कुणाचं गेलं, हे सांगायचा अधिकार माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न किती जुना आहे, आपल्या किनाऱ्यावर तो कुठल्या कुठल्या बोटीतून उतरला आणि प्रत्येकाने त्याचं काय उत्तर दिलं, हे मी सांगू शकतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: उत्तरं वेगवेगळी आहेत, पण त्या उत्तरांमागची रीत बघितली तर काहीतरी कामाचं हाती लागतं.

आधी थोडं रोमला जाऊन येऊ

हा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो रोमन साम्राज्यात. दुसऱ्या शतकात 'हर्मासचा मेंढपाळ' नावाचं एक पुस्तक मंडळ्यांमध्ये खूप वाचलं जायचं. त्याचं म्हणणं साधारण असं, की बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप घडलं तर पश्चात्तापाची आणखी एक संधी आहे. एकच. लोक काय करणार? काहींनी बाप्तिस्माच पुढे ढकलला. सम्राट कॉन्स्टंटाइननेसुद्धा बाप्तिस्मा घेतला तो 337 साली, मरणाच्या दारात असताना.

मग आलं सम्राट डेसियसचं फर्मान, 250 च्या सुमाराला. सगळ्यांनी रोमच्या देवांना बळी अर्पण करा आणि तसा दाखला घ्या. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबला, तशी ही माणसं मंडळीच्या दारात परत येऊन उभी राहिली. घ्यायचं की नाही?

रोममधला नोव्हेशियन म्हणाला, नाही. देवाने काय करायचं ते देव बघेल, मंडळीने यांना घ्यायचं नाही. आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, घ्यायचं, पण खऱ्या पश्चात्तापाची वाट चालायला लावून. मंडळीने शेवटी सिप्रियन यांचा रस्ता धरला. पुढे हेच सिप्रियन 258 साली विश्वासासाठी मारले गेले. म्हणजे पडलेल्यांना परत घ्या म्हणणारा माणूस स्वतः कच्चा होता म्हणून तसं म्हणत होता, असं नाही. हे लक्षात ठेवा.

पहिली बोट: पोर्तुगीज

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1559 मध्ये दमण गेलं. या दोन्हींच्या मधला डहाणू-तारापूरचा पट्टा त्यांच्या उत्तर प्रांतात आला. त्यांच्याबरोबर आला रोमन कॅथलिक धर्म, आणि नेमक्या याच काळात युरोपात ट्रेंटची धर्मसभा चालू होती, 1545 ते 1563.

ट्रेंटने आपल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. 1547 चा ठराव सांगतो, की देवाची कृपा फक्त विश्वास सोडल्याने जाते असं नाही. विश्वास असूनही मोठं, आत्म्याचा जीव घेणारं पाप केलं तरी ती जाते. थोडक्यात, हो, जाऊ शकते. पण याच सभेने दुसरी गोष्टही तितकीच ठामपणे सांगितली: गेलेली कृपा परत मिळते. धर्मगुरूकडे जाऊन पापकबुली द्यायची, मनापासून पश्चात्ताप करायचा, सुधारण्याचा निश्चय करायचा. किती वेळा, याला मर्यादा नाही. हर्मासच्या 'एकच संधी'पासून हे किती लांब आलं बघा.

आणखी एक बारकावा. कॅथलिक शिकवणीत मोठं पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती पाप आहे हे पुरतं माहीत हवं, आणि पूर्ण मनाने केलेली हवी. सवयीने बांधलेल्या माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही आहे. व्यसनात अडकलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. आज तलासरीचं ज्ञानमाता सदन चालवणारे येशूसंघाचे फादर असोत किंवा 1998 मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतातली डहाणूकडची चर्चेस असोत, सगळ्यांच्या मागे हीच शिकवण आहे.

पण याच बोटीतून दुसरंही काही उतरलं, तेही सांगायलाच हवं. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं आणि शेवटचं बंद झालं 1812 मध्ये. त्याचा मुख्य रोख होता बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांवर. जुन्या रीतींकडे वळलेल्यांना पकडायचं, हे त्याचं काम. 1736 मध्ये त्याने एक लांबलचक हुकूम काढला. दारात तुळस नको, लग्नात हळद लावायची नाही, भातात मीठ न घालता शिजवायचं नाही, ख्रिस्ती पुरुषाने धोतर नेसायचं नाही, बाईने चोळी घालायची नाही.

हा हुकूम पुन्हा एकदा वाचा. हळद! अळणी भात! यातलं पाप नेमकं कुठलं? इथे 'पाप चालू ठेवणं' याचा अर्थ झाला आपल्या आजीसारखं राहणं. हुकमानंतर तीनच वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू, तारापूर आणि शेवटी वसई मराठ्यांकडे आली आणि या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता संपली. पण धडा मागे राहिला. तारण जातं की नाही, हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे पाप आहे, असं कोणी ठरवलं?

हॉलंडमधलं भांडण

दुसऱ्या बोटीत बसण्याआधी युरोपातलं एक भांडण समजून घेऊ, कारण आज यूट्यूबवर या विषयाचे जे व्हिडिओ येतात त्यातले निम्मे तरी याच भांडणाचे नातू-पणतू आहेत.

प्रॉटेस्टंट लोक पोपपासून वेगळे झाले, पण या प्रश्नावर आपसात एकमत होईना. हॉलंडमध्ये आर्मिनियस नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांच्या मागून त्यांच्या शिष्यांनी 1610 मध्ये पाच कलमांचं निवेदन दिलं. पाचवं कलम नेमकं आपल्या प्रश्नावर होतं: खरा विश्वासणारा कृपेतून कायमचा गळू शकतो का? गंमत म्हणजे तिथे त्यांनी सरळ लिहिलं, की यावर अजून शास्त्राचा अभ्यास व्हायला हवा. पुढे त्यांचं मत ठरलं: हो, गळू शकतो.

1618-19 मध्ये डॉर्ट शहरात सभा भरली आणि तिने उलट निर्णय दिला. देवाने निवडलेला माणूस मोठ्या पापात पडू शकतो, काही काळ कृपेची जाणीवही हरवू शकतो, पण देव त्याला कायमचा हातातून सोडत नाही. मग जो पूर्ण निघून गेला त्याचं काय? त्यावर या बाजूचं उत्तर असतं, की त्याचा विश्वास मुळात खरा नव्हताच.

शंभरेक वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (1703-1791) पुन्हा आर्मिनियसच्या बाजूने उभे राहिले. माणूस गळू शकतो, आणि गळलेला परतही येऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. मेथडिस्ट मंडळ्या त्यांच्या.

दोन्ही बाजूंकडे बायबल आहे, हेही सांगतो. एक बाजू योहान 10 दाखवते, जिथे मेंढरांना त्याच्या हातातून कुणी हिसकावू शकत नाही. दुसरी बाजू इब्री 6 आणि 10 दाखवते, जिथे जाणूनबुजून पाप करत राहणाऱ्याला कडक इशारा आहे. चारशे वर्षं झाली, दोघांनीही आपापली पानं मिटलेली नाहीत.

दुसरी बोट: डहाणूचे ब्रेदरन

आता पुन्हा डहाणू. डहाणूत 'मिशन हॉस्पिटल' म्हटलं की कुणीही रस्ता दाखवतो. हे काम सुरू केलं चर्च ऑफ द ब्रेदरन या मंडळीने. तिची सुरुवात 1708 सालची, जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावची. अलेक्झांडर माक आणि आणखी सात जण, एकूण आठ माणसं, एडर नदीत उतरली आणि त्यांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्या काळी हा गुन्हा होता. पुढे ही मंडळी अमेरिकेत गेली. 1894 मध्ये विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे जोडपं आणि बर्था रायन मुंबईत उतरले. वलसाडला पहिलं ठाणं झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूला.

ब्रेदरन लोकांना डॉर्टसारख्या मोठाल्या ठरावांची फारशी आवड नव्हती. त्यांचं म्हणणं, नवा करार वाचा आणि तसं वागा. विश्वास वागण्यात दिसला पाहिजे, आणि माणूस पाप धरून बसला तर तो वाटेवरून उतरू शकतो. म्हणजे तत्त्वाने ते 'जाऊ शकतं' म्हणणाऱ्यांपैकी. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांची रीत.

बाप्तिस्म्याआधी उमेदवाराला मत्तय 18 वाचून दाखवायचे. त्यातला क्रम असा: भावाचं चुकलं तर आधी एकट्याने जाऊन बोला. नाही ऐकलं तर दोघा-तिघांना घेऊन जा. तरी नाही, तर मंडळीपुढे न्या. म्हणजे पहिली पायरी गावभर बोभाटा नाही, पहिली पायरी दोन माणसांची गप्प बैठक.

दुसरी रीत म्हणजे वर्षातून एकदा मंडळीचे सेवक घरोघर जायचे आणि विचारायचे: विश्वासात आहेस ना? मंडळीशी तुझं बरं आहे ना? पवित्र जीवनासाठी आमच्याबरोबर पुढेही झटणार ना? त्यानंतर प्रीतिभोजन. त्यात आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र जेवायचं, मग प्रभुभोजन. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासमोर वाकून त्याचे पाय धुवायचे, म्हणजे भांडण आधी मिटवावंच लागतं.

याची काळी बाजूही होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या मंडळीने कित्येकांना वाळीत टाकलं, कधी कपड्यांच्या पद्धतीवरूनसुद्धा. हळद आणि चोळीची आठवण झाली ना? मलाही झाली.

आणि मग ताडी

ब्रेदरन मंडळी दारूच्या कडक विरोधात. आणि आली कुठे? तर ताडाच्या, खजुरीच्या आणि मोहाच्या मुलखात! वारली लग्न म्हणजे धवलेरीची गाणी, चौक आणि सोबत ताडी. मग नव्या विश्वासणाऱ्याने लग्नात पेला घेतला तर ते रीतभात की पाप?

इथे इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळायला बंदी आली, ताडाच्या झाडांवर कर बसला. जे पेय लोक स्वतः काढायचे ते आता ठेकेदाराच्या दुकानातून, बहुतेक वेळा उधारीवर, घ्यावं लागलं. उधारीतून कर्ज, कर्जातून जमीन गेली, जमीन गेल्यावर वेठ. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्या लग्नगड्यांची गोष्ट गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये सांगितली आहे. 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावातून वारल्यांचा लढा उठला तो याच वेठीविरुद्ध. म्हणजे ताडीचा हिशोब मांडताना पाप फक्त पिणाऱ्याच्या खात्यावर लिहिलं, तर पाजून जमीन घेणारा सुटतो.

आणि या भागाने दारू सोडण्याचा एक मोठा प्रयोग केला, तोही मिशनऱ्यांशिवाय. 1922 ची देवी चळवळ. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीच्या आजारातून ही गोष्ट सुरू झाली आणि डोंगरपट्ट्यातून वर सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. लोक जमायचे, कुणाच्या तरी अंगात देवी यायची आणि सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, ठेकेदाराच्या दुकानात जाऊ नका. गावंच्या गावं सुटली! पण काही काळाने बरेच जण पुन्हा प्यायला लागले. काही ठिकाणी सोडलेले आणि न सोडलेले असे तट पडले.

ही ख्रिस्ती गोष्ट नाही, पण आपल्या प्रश्नाची सख्खी बहीण आहे. शपथ घेतलेला माणूस पुन्हा पडला तर त्याचं काय करायचं? इथे मला दिसतं ते असं: सोडणं जमलं ते सगळे मिळून बसले म्हणून. एकटा पडलेला माणूस लवकर परत वळतो.

केडगावच्या बाई

मराठी मुलखात या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे भिडलेलं नाव म्हणजे पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती जाणीव झाली 1891 च्या आसपास. म्हणजे त्यांचा प्रश्न 'गेलं का?' असा नव्हता. 'मुळात होतं का?' असा होता. पण फरक बघा. हे त्यांनी स्वतःबद्दल विचारलं, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून नाही.

1905 च्या जूनअखेर केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये जागृती झाली. दुष्काळातून वाचवलेल्या मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत आपापली पापं कबूल करू लागल्या. आज डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या प्रार्थनासभांत जे वातावरण दिसतं, त्याचं मराठीतलं एक जुनं रूप तिथे सापडतं. त्या मुली आधीपासून ख्रिस्ती घरात राहत होत्या. कबुली दिली म्हणून त्यांना कुणी बाहेर काढलं नाही.

नागपूर, 29 नोव्हेंबर 1970

शेवटचा टप्पा. या दिवशी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. त्यात भारतातले ब्रेदरन होते. प्रेस्बिटेरियन परंपरेतून आलेले लोक होते, म्हणजे डॉर्टचे वारस. मेथडिस्ट होते, म्हणजे वेस्लींचे. अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि डिसायपल्सही होते. 'जातं' म्हणणारे आणि 'जात नाही' म्हणणारे एकाच छताखाली, एकाच टेबलावर प्रभुभोजनाला! बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणीचा, या भांडणातही त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या.

एकी सोपी नव्हती. गुजरातेत ब्रेदरनांच्या मालमत्तेवरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, 2013 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात संपलं. तरी माणसं या प्रश्नावर वेगळं मत ठेवून एकत्र उपासना करू शकतात, हे त्या दिवशी दिसलं.

मग हातात काय उरलं?

मला या सगळ्यातून तीन गोष्टी दिसतात.

एक. 'पाप करत राहा, काही फरक पडत नाही' असं यातल्या एकाही परंपरेने म्हटलेलं नाही. डॉर्टवाल्यांनीसुद्धा नाही. 'एकदा तारण झालं, आता मोकळीक' हे वाक्य मोबाइलवर खूप फिरतं, पण इतिहासात त्याला घर मिळत नाही. पाप धरून बसायचं आणि त्याचं काहीच वाटत नाही, ही सगळ्यांच्याच लेखी धोक्याची खूण आहे.

दोन. पडणारा, उठणारा, पुन्हा पडणारा आणि त्याचं दुःख करणारा माणूस वेगळा. त्याला दार बंद, असं म्हणणारे नोव्हेशियनसारखे लोक मागे पडत गेले. कॅथलिकांनी त्याला पापकबुली दिली, ब्रेदरनांनी घरी येणारा सेवक दिला, मेथडिस्टांनी परतीचा रस्ता दिला, डॉर्टवाल्यांनी न सुटणारा हात दाखवला. भाषा वेगळी, पण घाबरलेल्या माणसाला सगळे 'परत ये' असंच सांगतात.

तीन. यातली जवळजवळ प्रत्येक रीत दुसऱ्या माणसातून जाते. फादर, सेवक, शेजारी, पाय धुणारा भाऊ. रात्री एकट्याने फोनवर 'माझं तारण गेलं का' असं शोधणं ही अगदी नवी गोष्ट आहे, आणि मला वाटतं ती सगळ्यांत वाईट आहे. कारण फोन उत्तर देतो, पण तुमच्याबरोबर बसत नाही.

म्हणून विश्वासातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाशी बोला, जो गावभर सांगणार नाही असा. आणि दारू सुटत नसेल तर डॉक्टरकडेही जा. डहाणूला मिशनऱ्यांनी प्रार्थनाघराबरोबर दवाखानाही बांधला, तो काही उगाच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकट्याने सोडायला जाऊ नये. त्यात जिवाला धोका असतो, औषधाची मदत लागते.

पुढच्या भागात याच किनाऱ्यावर राहू, पण विषय वेगळा: झरी गाव, 1945 आणि वेठीला 'नाही' म्हणणारी माणसं. तोवर हा भाग त्या मित्राला पाठवा जो या प्रश्नावर जोरजोरात भांडतो. आणि त्यालाही, जो हल्ली गप्प गप्प असतो. भेटूच!